एक्सपिडिशन ३३ चा शेवट: ल्युमिएरच्या माणसांना कुणी विचारलं का? (रसभंग होणार, खेळून झालेल्यांसाठीच)

उंबरठा

आधीच सांगते, 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३' हा व्हिडिओ गेम ज्यांचा अर्धा राहिलाय त्यांनी इथूनच मागे फिरा. पहिल्या अंकाच्या शेवटी जे होतं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची गोष्ट नाही.

परवा रात्री पावणेदोनला माझा खेळ संपला. शेवटी पडद्यावर दोन नावं आली, माएल आणि व्हेर्सो. कुणाच्या बाजूने लढणार ते सांगा. मी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि अंधारातच ओट्याला टेकून उभी राहिले. परत येऊन माएल निवडली. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांना खेळून बरेच दिवस झाले असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. ल्युमिएर हे शहर. समुद्रापार एक प्रचंड स्तंभ, त्याच्या पायथ्याशी गुडघ्यांत डोकं घालून बसलेली चित्रकर्ती. वर्षातून एकदा ती उठते आणि स्तंभावरचा आकडा पुसून एकाने कमी आकडा लिहिते. त्या वयाची माणसं फुलांच्या पाकळ्या होऊन हवेत विरतात. याला गोमाज म्हणतात. शंभरापासून सुरुवात झाली, ६७ वर्षं झाली, आता ३३. दरवर्षी एक तुकडी, म्हणजे एक्सपिडिशन, तिला मारायला निघते आणि परत येत नाही. 'आमच्यामागून येणाऱ्यांसाठी' हे त्यांचं ब्रीद.

आणि मग तिसऱ्या अंकात कळतं की हे सगळं जग म्हणजे एक कॅनव्हास आहे. पॅरिसमधल्या देसांद्र नावाच्या चित्रकार कुटुंबातल्या मुलाने, व्हेर्सोने, लहानपणी रंगवलेला. तो मुलगा धाकट्या बहिणीला आगीतून वाचवताना गेला. त्याची आई आलीन त्याच्या चित्रात शिरली, आत सगळं कुटुंब पुन्हा रंगवलं आणि बाहेर यायला तयार होईना. तिला ओढून आणायला नवरा रेन्वार आत आला. चित्रकर्ती म्हणजे ही आई. धाकटी बहीण अलिसियाही आत आली, ती म्हणजे ल्युमिएरची माएल; आणि आपल्याबरोबर लढणारा व्हेर्सो हा आईने रंगवलेला. स्तंभावरचा आकडा तिचा इशारा होता. माणसं पुसत होता तो रेन्वार, आणि तिची ताकद दरवर्षी कमी पडत होती, म्हणून ती लिहून सांगत होती की यापुढच्यांना मी वाचवू शकत नाही.

म्हणजे ६७ वर्षं ल्युमिएरची पोरं जिच्यावर शस्त्रं घेऊन गेली, तीच एकटी त्यांना धरून ठेवत होती. हे कळल्यावर मी सुरुवातीचा बंदराचा प्रसंग पुन्हा पाहिला. त्या वर्षी विरणाऱ्या सोफीच्या गळ्यात फुलांची माळ, तिच्यावर प्रेम करणाऱ्या ग्युस्ताव्हच्या हातात तिचा हात, आणि मग नुसता त्याचा हात.

आता माझा मुद्दा. बाहेर सगळीकडे वाद एकच चाललाय, की चित्रातली माणसं खरी की खोटी? माएलने चित्रात राहणं म्हणजे पळपुटेपणा की नाही? मला वाटतं हा प्रश्न खेळाने पहिल्या तासातच निकालात काढलाय. सोफी खोटी आहे असं त्या बंदरावर कुणाला वाटलं? किनाऱ्यावर सगळी तुकडी कापली जाते, ग्युस्ताव्ह प्रेतांच्या ढिगापाशी बसून पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावतो आणि तुकडीतली ल्युन त्याला थांबवते, तेव्हा तिच्या हाताची पकड खोटी होती? खरा प्रश्न मला वेगळाच दिसतो. शेवटच्या मारामारीत दोन्ही बाजूंना देसांद्रच आहेत. व्हेर्सोला चित्र संपवून मरायचंय, माएलला ते सोडून बाहेर जायचं नाहीये. ल्युन आणि तिची सोबतीण सिएल त्याच चित्रातल्या आहेत, आणि त्यांना कुणीही विचारत नाही की बायांनो, तुम्हाला जगायचंय का?

मी माएल निवडली ती या दोघींसाठी. माएलच्या भावासाठी किंवा मारला गेलेला ग्युस्ताव्ह परत मिळावा म्हणूनही नाही. आणि मग तो नाट्यगृहाचा प्रसंग आला. सगळे आलेत. ग्युस्ताव्ह आहे, सोफी आहे, सिएलच्या शेजारी तिचा गेलेला नवरा पिएर आहे. व्हेर्सो पियानोपाशी येतो, म्हातारा झालेला. बसतो, आणि वाजवायला कचरतो. रंग उडून सगळं काळंपांढरं होतं आणि माएलच्या चेहऱ्यावर तिच्या आईसारखे रंगाचे ओघळ. मला धडधडायला लागलं. थोड्याच वेळापूर्वी तो तिला विनवत होता, मला हे आयुष्य नको आहे. आणि तिने त्याला पियानोवर बसवलं.

माझ्या मावशीने तिच्या मुलाची खोली अकरा वर्षं तशीच ठेवली होती. भिंतीवर बारावीचं टाइमटेबल, दाराच्या मागे क्रिकेटचे पॅड. दर शनिवारी चादर बदलायची. आम्ही भावंडं तिला समजवायला जायचो, 'मावशी, आता पुरे' म्हणायचो. आज वाटतं, आम्ही सगळे त्या घरात रेन्वार होऊन जात होतो. प्रेमानेच जात होतो, हे खरं. पण ती खोली तिची होती, तिच्यात दुसरं कुणी राहत नव्हतं. चित्रात एक अख्खं शहर राहत होतं.

तुम्ही काय निवडलंत, आणि का?

तिसरा प्रहर

लेख आवडला, पण मी व्हेर्सो निवडला आणि पुन्हा खेळलो तरी तोच निवडेन.

तुम्ही ल्युन आणि सिएलला कुणी विचारलं नाही म्हणालात. त्या मुलाला कुणी विचारलं? शेवटी चित्राच्या गाभ्यात जो लहान मुलगा उभा राहून रंगवतोय, तो खऱ्या व्हेर्सोच्या आत्म्याचा उरलेला तुकडा. आठ-दहा वर्षांचं पोर. आई आत आली, बाप आत आला, मोठी बहीण अधूनमधून येऊन राक्षस सोडून गेली, धाकटी आली. सगळ्यांनी त्याच्या खेळण्यांच्या जगात युद्ध मांडलं आणि तो रंगवतच राहिला, कारण तो थांबला तर सगळं संपतं. मोठा व्हेर्सो त्याला विचारतो की थकलास का, आणि हात पुढे करतो. तो मुलगा तो हात धरतो. मला तिथे रडू आवरलं नाही.

वडील गेले तेव्हा दहाव्याला नाशिकला रामकुंडावर होतो. पिंड मांडून तासभर झाला, कावळा शिवेना. पंधरा-वीस कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, एक खाली येईना. काका पुढे झाले, म्हणाले, दादा, पोरीच्या शिक्षणाची काळजी करू नकोस. नाही. आत्या म्हणाली, वहिनीला आम्ही एकटं टाकणार नाही. नाही. मग आई उठली. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. पिंडासमोर बसली आणि म्हणाली, 'जा आता. मी राहीन.' आणि शिवला.

त्याला श्रद्धा म्हणा नाहीतर कावळ्याची भूक म्हणा, मला वाद घालायचा नाही. पण त्या दिवशी मला समजलं की आम्ही सगळे वडिलांना काय काय कबूल करत होतो आणि ते मोकळे होत नव्हते, कारण आईनेच त्यांना धरून ठेवलं होतं. आलीनने 'जा' म्हटलं नाही. माएलनेही म्हटलं नाही. त्या घरात ते म्हणणारा एकच निघाला, तो रंगवलेला व्हेर्सो. ज्याला खरं तर म्हणायचा काही हक्कच नव्हता.

पाणकावळा

व्हेर्सो. माझं कारण साधं आहे. माएल आत राहिली तर मरणार. रेन्वार स्वतः एकदा एका चित्रात असाच हरवला होता आणि आलीननेच त्याला बाहेर काढलं होतं. म्हणून तो एवढा हट्ट करतो, त्याला माहीत आहे आत काय होतं. तो शेवटी लेकीवर विश्वास ठेवून निघून जातो, ती परत येईन म्हणते, आणि ती खोटं बोलतेय हे व्हेर्सोला त्याच क्षणी कळतं. सोळा वर्षांची मुलगी हळूहळू स्वतःला संपवतेय आणि आपण तिची बाजू घ्यायची, हे मला जमलं नाही.

बाकी रेन्वारच्या लढाईत पॅरी, म्हणजे नेमक्या क्षणी वार परतवणं, जमायला मला दोन रात्री लागल्या. रेन्वारला आवाज देणाऱ्या अँडी सर्किसचा आवाज ऐकायला मिळत होता म्हणून तेवढ्या वेळा हरायला त्रास झाला नाही.

उंबरठा

@तिसरा प्रहर, तुमच्या आईंचं वाचून थांबले. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

त्या मुलाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. पण तुमच्या आईने 'मी राहीन' म्हटलं ते स्वतःबद्दल म्हटलं. व्हेर्सो 'जा' म्हणतो तेव्हा त्याच्याबरोबर ल्युमिएरची सगळी पोरंही जातात, ग्युस्ताव्ह ज्यांना शिकवत होता ती. ती कुणाचा शोक करायला जन्माला आली नव्हती. ग्युस्ताव्ह डायरी लिहायचा ती याच पोरांसाठी. तो गेल्यावर माएलने ती डायरी पुढे चालू ठेवली. त्या डायरीचे वाचक पुसून टाकायचे आणि त्याला मोक्ष म्हणायचं, इथे माझं अडतं.

गवतफुला

मी सहसा या विभागात लिहीत नाही, पण पाणकावळा यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

'माएलने घरी परत जावं' असं सगळे इतक्या सहज म्हणतात. घरी म्हणजे कुठे? बाहेरची अलिसिया त्या आगीत भाजलेली आहे. एक डोळा गेला, गळा जळाला, बोलता येत नाही. आणि हे फक्त शरीराचं. तिच्यामुळे भाऊ गेला असं मोठी बहीण क्लेआ तिला तोंडावर ऐकवते. आईने चित्रात सगळं कुटुंब पुन्हा रंगवलं तेव्हा स्वतःचा मुलगा धडधाकट रंगवला आणि मुलगी? ती मात्र जळालेलीच रंगवली. मुखवटा घातलेली, मुकी. रंग तिच्याच हातात होता, तिला हवं ते काढता आलं असतं. तरी तिने लेकीचे भाजलेले व्रण तसेच ठेवले. मला या खेळातली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच वाटते, आणि तिच्यावर कुणी फारसं बोलत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज ती एकोणीस वर्षांची असताना एका शस्त्रक्रियेनंतर गेला. आता ती पाटीवर लिहिते, फोनवर टाइप करते. तिने मला एकदा लिहून दाखवलं होतं की स्वप्नात मी अजून बोलते, आणि सकाळी उठल्यावर पहिली दोन मिनिटं सगळ्यात वाईट असतात. हा खेळ मी तिच्या शेजारी बसून खेळले. माएल ल्युमिएरच्या छपरांवरून ग्युस्ताव्हशी बडबडत उड्या मारत जाते तो सुरुवातीचा भाग तिला फार आवडला होता. तिसऱ्या अंकात बाहेरची अलिसिया दिसली, तोंड उघडते आणि आवाज नाही, तेव्हा बहिणीने माझा हात धरला. शेवटची निवड मी तिला करू दिली. तिने एक सेकंदही न घालवता माएल दाबलं.

पियानोचा प्रसंग पाहून तिनेही तोंड फिरवलं, हे मी लपवणार नाही. व्हेर्सोचा शेवट मग मी एकटीने पाहिला. थडग्यापाशी रेन्वार आलीनला जवळ घेतो. क्लेआ फूल ठेवते आणि निघून जाते. अलिसिया चित्रातल्या सोबत्याचं, एस्कीचं, कापडी खेळणं छातीशी धरून एकटी उभी आहे. तिच्याजवळ कुणी येत नाही हो. तिचे सगळे मित्र तिला लांबून हात हलवतात आणि पाकळ्या होऊन जातात. हा 'बरा' शेवट म्हणणाऱ्यांनी तो प्रसंग फक्त तिच्याकडे बघत पुन्हा एकदा पाहावा.

पाणकावळा

गवतफुला ताई, मी हे या बाजूने पाहिलंच नव्हतं. माझं मत लगेच बदलेल असं नाही, पण 'घरी' हा शब्द मी फार सहज लिहिला. तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

खडूची भुकटी

मी चित्रकला शिकवतो, तेव्हा थोडं त्या अंगाने.

खेळाच्या नावातला क्लेअर-ऑब्स्क्यूर म्हणजे उजेड-अंधाराची ती पद्धत, इटालियनमध्ये किआरोस्क्यूरो. 'व्हेर्सो' म्हणजे कागदाची मागची बाजू. पुढच्या बाजूला रेक्टो म्हणतात. जो मुलगा मेला तो पुढची बाजू, आणि रंगवलेला व्हेर्सो त्याची पाठ, असं धरलं तर आईने त्याला तेच नाव देऊन काय केलं ते लक्षात येतं. पाठीवर कितीही रंगवा, कागद उलटा केल्यावर पुढे काही दिसत नाही.

पण मला बोलायचंय ते 'गोमाज'वर. फ्रेंचमध्ये गोमाज म्हणजे रबराने खोडणं. आपण सगळे त्याचा अर्थ पुसून टाकणं, मृत्यू, असाच लावतो. कोळशाने चित्र काढणाऱ्याला विचारा. मी वर्गात पहिल्या महिन्यात मुलांना कागद आधी पूर्ण काळा करायला लावतो. कोळसा आडवा धरून घासायचा, तळव्याने पसरवायचा, सगळा कागद एकसारखा करडा-काळा. मग हातात देतो पुटी रबर, कणकेसारखं मऊ असतं ते. त्याला चिमटीत टोक काढायचं आणि कपाळावर जिथे उजेड पडतो तिथे हलकेच टेकवून उचलायचं. काळ्यातून कपाळ बाहेर येतं. मग नाकाचा शेंडा, मग खालचा ओठ. चित्रातला सगळा उजेड खोडून काढलेला असतो. मुलांना दर वर्षी याचं नवल वाटतं, आणि मलाही अजून वाटतं.

या खेळातलं खोडणं मी त्या हाताने पाहिलं. रेन्वार खोडतो तो बायकोचा चेहरा पुन्हा दिसावा म्हणून. व्हेर्सो खोडतो तो बहिणीचा चेहरा दिसावा म्हणून. आणि माएलच्या शेवटात कुणी काहीच खोडत नाही. सगळे परत आहेत, सगळीकडे रंगच रंग. म्हणून तिथे एकदम सगळं काळंपांढरं झालं तेव्हा मला ते भय दाखवायची युक्ती वाटली नाही. सगळीकडे रंग भरला की चित्र सपाट होतं, त्यात उजेड कुठून येतो ते कळेनासं होतं. चित्र काढणाऱ्याच्या हाताला ते आधी जाणवतं.

उंबरठा यांचा मुद्दा यामुळे सुटत नाही, हे कबूल करतो. कोळशाच्या कणांना मी कधी विचारलेलं नाही. पण ते कण ल्युनसारखे माझ्याकडे वळून बघत असते, तर मी रबर उचलू शकलो असतो असं वाटत नाही.

रात्रपाळी

गोमाजचं हे कधीच वाचलं नव्हतं. धन्यवाद सर.

माझी तक्रार खेळ बनवणाऱ्यांवर आहे. माँपेलिएच्या सँडफॉल इंटरॅक्टिव्हचा हा पहिलाच खेळ, तोही असा. लॉरिअँ तेस्तारचं संगीत महिनाभर माझ्या कानात आहे. प्रेम आहे म्हणूनच बोलतोय. दोन शेवटांना दिलेली वागणूक सारखी नाही. माएलच्या शेवटात भीतीपटासारखी मांडणी, अचानक उसळणारा आवाज, तिचे विद्रूप डोळे. व्हेर्सोच्या शेवटात कोवळं ऊन, कुटुंब, निरोप. दिग्दर्शकाने कॅमेऱ्याने मत दिलंय. ल्युमिएरमध्ये आता मुलं मोठी होतील, कुणाच्या डोक्यावर आकडा नाही, चाळिशीतली माणसं दिसतील, केस पिकलेली माणसं दिसतील. त्या शहराने ६७ वर्षांत प्रत्येक वर्षी आपली सगळ्यात वयस्क पिढी गमावली होती. त्यांच्यातला पहिला पिकला केस मला बघायचा होता. कॅमेरा तिकडे वळतच नाही.

आणि तिसऱ्या अंकात ल्युन आणि सिएल यांना जेवढं बोलायला द्यायला हवं होतं तेवढं दिलं नाही. आपण कुणाच्या तरी चित्रातले आहोत हे कळल्यावर माणूस किती हादरेल! ल्युन, जिचं अख्खं आयुष्य आईवडिलांचं संशोधन पुरं करण्यात गेलं, ती शेकोटीपाशी दोनदा गप्पा मारून सावरते. हे मला पटलं नाही.

शाईचा डाग

'माया' हा शब्द अजून कुणी काढला नाही याचा आनंद आहे. दुसरीकडे एकाने 'हे जग चित्रातलं, म्हणजे माया, म्हणजे सोडून द्यायचं' असं दोन ओळींत उरकलेलं वाचलं आणि वाईट वाटलं. आपल्याकडच्या गोष्टी इतक्या सरधोपट नाहीत.

योगवासिष्ठात लीला राणीची गोष्ट आहे. तिचं राजा पद्मावर इतकं प्रेम, की तो जिवंत असतानाच तिने सरस्वतीकडे वर मागून घेतला: हा मेला तरी याचा जीव माझ्या अंतःपुरातून बाहेर जाऊ नये. तो मरतो. ती त्याचा देह फुलांनी झाकून ठेवते आणि सरस्वतीला विचारते, माझा नवरा कुठे आहे? सरस्वती तिला दाखवते. तो त्या खोलीतच आहे. त्या खोलीच्या आकाशात एक पूर्ण जग आहे, तिथे तो विदूरथ नावाचा राजा होऊन राज्य करतोय, प्रजा आहे, शत्रू आहेत, युद्ध पेटलंय. आणि त्याआधीचा त्याचा जन्म, एका ब्राह्मणाचा, तो ब्राह्मण मरून म्हणे आठच दिवस झालेत. पद्म राजाची सगळी कारकीर्द त्या आठ दिवसांत मावली.

फुलांनी झाकलेला देह, शोकाने दारं लावलेली खोली, खोलीत जग, आणि बाहेरच्या काळाशी आतल्या काळाचा मेळ नाही. तिसरा अंक खेळताना मला सारखी लीला आठवत होती.

पण फरक बघा. सरस्वती लीलेला हात धरून आत नेते आणि सगळं दाखवते. विदूरथालाही तो कोण आहे हे सांगते. आतल्या माणसालाही ज्ञानाचा अधिकार आहे, हे त्या गोष्टीत गृहीतच धरलंय. आणि बाहेरचं जग आतल्यापेक्षा जास्त खरं असं वसिष्ठ रामाला कुठेच सांगत नाहीत, बाहेरचंही तितकंच मनाचं. देसांद्र कुटुंबात एकही सरस्वती नाही. आलीनने कळू दिलं नाही. व्हेर्सोला सगळं माहीत होतं आणि त्याने तुकडीला स्तंभापर्यंत खोटं सांगत नेलं. ग्युस्ताव्हला वाचवणं त्याच्या हातात होतं आणि त्याने वाचवलं नाही, हेही त्याने दाबून ठेवलं. माएल विचारते तेव्हा खरं सांगायचं की खोटं, ते आपल्यावर सोडलंय. मी खरं सांगितलं. ती रागावली, रडली, आणि तरी त्याच्याजवळ राहिली. या खेळात ज्या एका ठिकाणी आतल्या माणसाला पूर्ण सत्य दिलं जातं आणि तो ते पेलतो, ते मला हेच वाटतं.

उंबरठा, तुमच्या 'कुणी विचारलं का' याच्या एक पायरी आधी मला हे दिसतं. विचारायचं तर आधी सांगावं लागतं.

तिसरा प्रहर

शाईचा डाग, लीलेच्या गोष्टीत शेवटी राजा उठतो ना? मग ती कुणाच्या बाजूची?

शाईचा डाग

उठतो, हो. आणि लीला एकीच्या दोन झालेल्या असतात, आतल्या जगातली लीलाही बाहेर येते. दोघी राजाबरोबर राहतात. म्हणजे तिथे आतलं माणूस बाहेर येऊ शकतं. इथे ल्युन पॅरिसला येऊ शकत नाही. तो रस्ता असता तर हा धागाच निघाला नसता.

उंबरठा

काल रविवार होता. जुन्या सेव्हवरून रेन्वारची लढाई परत केली आणि व्हेर्सो निवडला. गवतफुला यांनी सांगितलं तसं फक्त अलिसियाकडे बघायचं ठरवलं होतं, पण त्याआधी एक गोष्ट दिसली आणि तिथेच अडकले.

मुलाने रंगवणं थांबवल्यावर एकेक जण व्हेर्सोपाशी येतो. एस्की येतो. दुसरा सोबती मोनोको येतो, त्याला मिठी मारतो. सिएल येते, तिच्या डोळ्यांत राग नाही. ती नवरा गेल्यावर समुद्रात चालत गेलेली बाई आहे, पोटातलं मूलही तेव्हा गेलं. मरण तिच्या ओळखीचं आहे, म्हणून ती त्याला समजून घेते असं वाटलं. आणि मग ल्युन. ती जवळ जात नाही. त्याच्याकडे बघते. मग खाली बसते. मांडी घालून, पाठ ताठ, डोळे त्याच्यावर. एक शब्द नाही. ती विरेपर्यंत नजर हलवत नाही, आणि व्हेर्सोला ती नजर झेलत उभं राहावं लागतं.

मी इतके दिवस म्हणत होते की यांना कुणी विचारलं नाही. पण उत्तर तिथे होतं. ल्युनने न विचारताच दिलं होतं. रात्रपाळी, तुम्ही म्हणालात तिला बोलायला दिलं नाही, ते बरोबरच आहे, पण त्या बसण्यापुढे मला बाकीचे सगळे संवाद कमी वाटले. कारखान्याच्या गेटसमोर माणसं अशी बसतात. माझे आजोबा गिरणी संपात होते, आजी सांगायची की शेवटी शेवटी घोषणा संपल्या होत्या, नुसते जाऊन बसायचे.

मी आता कुठल्या बाजूची आहे? माएलच्या शेवटात ल्युन जिवंत आहे, म्हणून अजूनही तिकडेच. पण तिसरा प्रहर, तो मुलगा हात धरतो तेव्हा मीही रडले, हे तुम्हाला सांगायचं होतं.

मावशीला आज फोन केला होता. खोलीत आता तिने शिवणाचं मशीन ठेवलंय. टाइमटेबल अजून भिंतीवर आहे का ते मी विचारलं नाही.

गवतफुला

उंबरठा, बहिणीला तुमचा हा शेवटचा प्रतिसाद वाचायला दिला. तिने पाटीवर लिहिलं, 'ल्युनचं बसणं मला दाखव.' रात्री जेवणं झाली की लावतेय.